शाफ्ट ड्राइव्हच्या स्प्लाइनला ग्रीस किती दिवसांनी लावावे आणि कसे लावावे

मोटरसायकलची साखळी डोळ्यांसमोर असते. ती कोरडी पडली की कुरकुरते, सैल झाली की लोंबते, आणि चालकाला तिची आठवण ठेवावी लागत नाही, कारण ती स्वतःच आठवण करून देते. साखळीऐवजी इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, मात्र स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या भागाच्या) नळीत आणि रबरी बुटाआड, म्हणजे जोडावरच्या रबरी आवरणाआड, वर्षानुवर्षे निमूटपणे फिरत राहतो. त्यामुळे शाफ्टच्या गाडीला देखभाल नाही हा समज पक्का होतो आणि अनेक मालक गिअर ऑइल बदलण्यापलीकडे त्या भागाकडे पाहतही नाहीत. प्रत्यक्षात शाफ्टच्या टोकांवरच्या स्प्लाइन, म्हणजे लांबीच्या दिशेने कापलेले दाते, हाच या रचनेतला असा भाग आहे ज्याला तेलाचा आधार बहुधा नसतो आणि ज्याचे वंगण एकदा संपले की आपोआप भरून येत नाही.

किती दिवसांनी, या प्रश्नाला लोक एक आकडा मागतात. पुढे मी आकडे देणारच आहे, पण माझे ठाम मत असे आहे की खरा आकडा तुमच्याच गाडीच्या दात्यांवर लिहिलेला असतो, आणि तो वाचण्यासाठी ते एकदा तरी उघडून पाहावे लागतात. पहिल्या खेपेला जे दिसेल त्यावरून दुसऱ्या खेपेची तारीख ठरवावी.

दाते झिजतात कसे

शाफ्टच्या टोकावरचे बाहेरचे दाते एका पोकळ भागाच्या आतल्या खाचांत बसतात आणि इंजिनाची सगळी ताकद त्या जोडातून मागच्या चाकाकडे जाते. जोड घट्ट दिसतो, पण तो स्थिर नसतो. खड्ड्यात चाक वरखाली झाले की स्विंगआर्मचा कोन बदलतो, कोन बदलला की शाफ्टला किंचित लांब किंवा आखूड व्हावे लागते, आणि ही घट-वाढ दाते एकमेकांवर सरकूनच भरून काढतात. शिवाय थ्रॉटल उघडताना दात्यांची एक बाजू दाबली जाते आणि बंद करताना दुसरी. भार प्रचंड आणि हालचाल केसभर, अशा स्थितीत पोलादाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म कण तुटतात, हवेशी संयोग पावतात आणि त्यांची तांबूस भुकटी बनते. सोन्याचांदीला झिलई देण्यासाठी जी लाल भुकटी वापरतात तीही लोहाचा ऑक्साइडच असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही भुकटी दात्यांमध्ये अडकून काय करीत असेल याची कल्पना येते. एकदा ती तयार झाली की झीज स्वतःला खतपाणी घालू लागते.

साधे ग्रीस इथे फार दिवस टिकत नाही. बेअरिंगमध्ये गोळ्या फिरताना बाजूला गेलेले ग्रीस पुन्हा आत ओढले जाते. स्प्लाइनमध्ये दाबाने बाहेर पडलेले ग्रीस बाहेरच राहते, आणि शाफ्टच्या वेगाने उरलेलेही हळूहळू भिरकावले जाते. म्हणून या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले वंगण वापरतात. हा घन पदार्थ पत्त्यांच्या गड्डीसारख्या थरांचा असतो. थर एकमेकांवर सहज घसरतात आणि तेलाचा अंश निघून गेल्यावरही काळी चिवट साय दात्यांवर उरते. मात्र बाजारात ‘मॉली ग्रीस’ या नावाने मिळणाऱ्या साध्या ग्रीसमध्ये त्याचे प्रमाण साधारणतः ३ टक्क्यांच्या आसपास असते, तर स्प्लाइनसाठी लागणाऱ्या पेस्टमध्ये ते ६० टक्क्यांहून अधिक असते. होंडाने आपल्या शाफ्टच्या गाड्यांसाठी ‘मॉली ६०’ ही पेस्ट सांगितली होती आणि पुढे तिची जागा ‘एम-७७’ या पेस्टने घेतली. डब्यावरचे नाव पाहून नव्हे, तर त्यावरचे प्रमाण वाचून खरेदी करावी. अर्थात तुमच्या मॉडेलच्या कार्यशाळा-पुस्तिकेत दुसरे वंगण सांगितले असेल, तर तेच वापरावे.

तुमच्या गाडीत स्प्लाइन कुठे आहेत

ज्या गाड्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी स्विंगआर्मचा आधार असतो आणि आरपार अ‍ॅक्सल असतो, त्यांत चाकाचा हब फायनल ड्राइव्हमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या गिअरच्या पेटीत, स्प्लाइननेच अडकतो. होंडाची एसटी ११०० आणि एसटी १३००, जुनी गोल्डविंग जीएल १५००, यामाहाची एफजेआर १३००, सुझुकीची जीएस ८५० जी या या वर्गातल्या गाड्या आहेत. इथे चाक काढले की दाते समोर येतात, त्यामुळे त्यांची काळजी घेणे अगदी सोपे असते.

एकाच बाजूच्या स्विंगआर्मच्या गाड्यांत, उदाहरणार्थ २००१ पासूनची गोल्डविंग जीएल १८०० किंवा बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेतल्या शाफ्टच्या गाड्या, चाक बोल्टांनी किंवा नटांनी हबला आवळलेले असते आणि चाकाला स्प्लाइन नसते. म्हणून कितीही वेळा टायर बदलला तरी शाफ्टचे दाते कोणाच्या नजरेस पडत नाहीत. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच गाड्यांकडे.

तिसरी जागा क्लचची. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडव्या सिलिंडरांचे इंजिन असलेल्या) गाड्यांत आणि मोटो गुझ्झीत क्लच कोरडा असतो, आणि क्लचची तबकडी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या स्प्लाइनवर सरकते. बहुतेक जपानी गाड्यांत, तसेच २०१३ पासूनच्या पाण्याने थंड होणाऱ्या जीएसमध्ये क्लच तेलात बुडालेला असल्याने ही चिंता उरत नाही. आणखी एक अपवाद सांगायला हवा: बीएमडब्ल्यूच्या जुन्या, मागे दोन शॉक असलेल्या बॉक्सर गाड्यांत स्विंगआर्मच्या नळीतच तेल असते आणि शाफ्ट त्यात फिरतो. तिथे शाफ्टला पेस्ट लावण्याचा प्रश्न येत नाही. चाकाच्या आणि क्लचच्या स्प्लाइनला मात्र ती लागतेच.

मग कधी लावावे

चाकाच्या स्प्लाइनसाठी मी एकच नियम पाळतो: मागचा टायर जितक्या वेळा उतरेल तितक्या वेळा. या वजनदार गाड्यांचा मागचा टायर साधारणपणे ८,००० ते १५,००० किलोमीटर चालतो, म्हणजे अंतर आपोआप योग्य राहते. गाडी कमी चालत असेल तर दोन वर्षांत एकदा चाक काढून पाहावे, कारण वंगण उभ्या गाडीतही सुकते. टायर बदलण्याचे काम दुकानात होत असेल तर पेस्टची ट्यूब सोबत न्यावी आणि दाते पुसून पेस्ट लागेपर्यंत तिथून हलू नये.

एका बाजूच्या स्विंगआर्मच्या गाडीत शाफ्टच्या स्प्लाइन पहिल्यांदा २०,००० किलोमीटरच्या सुमारास उघडाव्यात. गाडी जुनी घेतली असेल तर मीटरवर काहीही आकडा असो, ताबडतोब उघडाव्यात. आधीच्या मालकाने केले होते हे तोंडी आश्वासन धरून चालू नये. उघडल्यावर दात्यांवर ओलसर काळी पेस्ट दिसली तर पुढचे अंतर ३०,००० पर्यंत वाढवता येते. पेस्ट सुकून खपली झाली असेल पण लाल भुकटी नसेल, तर २०,००० चे अंतर योग्य आहे. तांबूस भुकटी दिसली, तर पुढची तपासणी १०,००० वरच करावी आणि त्याचबरोबर पाणी कुठून शिरते आहे ते शोधावे.

हे शेवटचे आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. कोकणातला किंवा गोव्यातला चार महिन्यांचा पाऊस, समुद्राकडची खारी हवा, ओढ्यातून घातलेली गाडी आणि नंतर उच्च दाबाच्या पाण्याने धुताना थेट बुटावर धरलेली नळी, या सगळ्यांनी किलोमीटरचा हिशेब निरर्थक होतो. किनारपट्टीवर राहणाऱ्याने दरवर्षी दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाऊस पूर्ण थांबल्यावर, निदान बूट मागे सरकवून आत पाणी किंवा गंज आहे का ते पाहावे. पावसाळ्याआधी केलेली तपासणी तितकी उपयोगाची नाही, कारण नुकसान पावसानंतर साचलेल्या ओलीने होते.

क्लचच्या स्प्लाइनसाठी गिअरबॉक्स वेगळा करावा लागतो. जुन्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सरवर हे काम एका सुट्टीच्या दिवसात होते, म्हणून तिथे ४०,००० किलोमीटरला ते करणे मला योग्य वाटते. गिअर टाकताना क्लच अडखळू लागला तर त्याआधीही. नंतरच्या बॉक्सरमध्ये मात्र गाडी जवळजवळ अर्धी सुटी करावी लागते, त्यामुळे केवळ ग्रीससाठी तिथे हात घालू नये. क्लच किंवा मागचे ऑइल सील बदलण्याची वेळ येईल तेव्हा ते काम जोडून करावे.

प्रत्यक्ष काम: २००४ ते २०१२ मधली बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस

अवघड बाजूचे उदाहरण घेतो, कारण ते समजले की बाकीच्या गाड्या सोप्या वाटतात. टॉर्क्सचे (ताऱ्याच्या आकाराचे) बिट, टॉर्क रेंच, लहान जॅक किंवा लाकडी ठोकळे, सुतळी, रॉकेल, जुना टूथब्रश, भरपूर चिंध्या, एक बारीक ब्रश आणि पेस्ट एवढे साहित्य पुरते. पहिल्या वेळी तीन तास हाताशी ठेवावेत.

काम सुरू करण्याआधी पाच मिनिटे मोजणीला द्यावीत. गाडी मुख्य स्टँडवर घ्यावी, पहिला गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने हलकेच मागेपुढे फिरवून ते किती मोकळे हलते ते टायरवर खडूने खूण करून मोजावे. ही मोकळीक गिअरबॉक्स, स्प्लाइन आणि फायनल ड्राइव्ह या सर्वांची बेरीज असते, म्हणून एकट्या मोजणीतून निष्कर्ष निघत नाही; पण दरवेळचा आकडा नोंदवला तर तो वाढतो आहे की नाही हे निश्चित कळते. त्यानंतर चाक वर-खाली धरून बाजूला हलवून पाहावे. तिथे खुळखुळ जाणवली तर दोष स्प्लाइनचा नसून बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

आता पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने बांधून टाकावा, म्हणजे गाडी स्टँडवरून पुढे सरकणार नाही. मागच्या चाकाचे पाच बोल्ट काढून चाक डाव्या बाजूने बाहेर घ्यावे. ब्रेकचा कॅलिपर सोडवून सुतळीने मागच्या फ्रेमला टांगावा. त्याचे वजन नळीवर येऊ देऊ नये आणि कॅलिपर लोंबत असताना ब्रेकच्या पेडलला चुकूनही पाय लावू नये. एबीएसचा सेन्सर एका बोल्टने बसलेला असतो. तो काढून वायरसह बाजूला सुरक्षित ठेवावा. ही पायरी वगळून फायनल ड्राइव्ह खाली सोडल्यास सेन्सरची वायर ताणून तुटते, आणि ते नुकसान ग्रीसच्या ट्यूबपेक्षा कितीतरी महाग पडते.

नंतर रबरी बुटाची मागची कड फायनल ड्राइव्हवरून सोडवावी. फायनल ड्राइव्हखाली जॅक किंवा ठोकळा ठेवून वजन पेलावे आणि स्विंगआर्मच्या वर असलेल्या पॅरालिव्हर दांड्याचा मागचा बोल्ट काढावा. आता जॅक हळूहळू खाली घेतला की फायनल ड्राइव्ह आपल्या खुंट्यांवर खाली झुकतो आणि शाफ्ट त्याच्या पिनियनवरून, म्हणजे ताकद आत घेणाऱ्या लहान गिअरच्या टोकावरून, सुटतो. खुंट्या काढण्याची गरज नाही. आत पाणी असेल तर ते याच क्षणी बाहेर येते. तांबूस पाणी आले तर त्याची नोंद करावी. गिअर ऑइल दिसले तर पिनियनचे सील गळते आहे आणि नुसत्या पेस्टने भागणार नाही.

पुढचे टोक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एका स्प्रिंग-कड्याने अडकलेले असते. ते सोडवण्याआधी युनिव्हर्सल जॉइंटच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रॉस म्हणतात त्याच्या, दोन्ही बाजूंवर आणि लगतच्या भागांवर रंगाची रेघ ओढावी. शाफ्ट परत बसवताना त्याच स्थितीत बसला पाहिजे. दोन क्रॉसचे एकमेकांशी असलेले कोन बिघडले तर गाडीला कंप सुटतो. खूण झाल्यावर लांब पट्टीने हलका जोर देऊन शाफ्ट मागे ओढून घ्यावा. बाहेर आलेल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस सर्व दिशांना वाकवून पाहावेत. कुठेही अडखळ, खरखर किंवा सैलपणा जाणवला तर तो शाफ्ट पुन्हा गाडीत घालू नये, कारण या क्रॉसना बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नाही.

साफसफाई रॉकेल आणि टूथब्रशने करावी, नंतर दाते कोरड्या चिंधीने खाचेखाचेतून पुसावेत. घाई करून जुन्या पेस्टवरच नवी पेस्ट फासणे हे न लावण्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यामुळे भुकटी आतच राहते आणि नव्या वंगणात मिसळून तिचा घासणारा लेप तयार होतो.

स्वच्छ दाते उजेडात नीट पाहावेत. माथा सपाट आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर सर्व ठीक आहे. नख दात्याच्या बाजूवरून लांबीच्या दिशेने फिरवावे. जिथे जोड संपतो तिथे नख अडकले, म्हणजे पायरी जाणवली, तर झीज सुरू झाली आहे आणि तपासणीचे अंतर निम्मे करावे. दाते करवतीसारखे टोकदार दिसू लागले असतील किंवा एका बाजूला कलले असतील, तर तो भाग बदलावाच लागतो, आणि तेव्हा समोरच्या भागाचीही तितकीच कडक तपासणी करावी. झिजलेल्या दात्यांवर बसवलेला नवा भाग फार लवकर खाल्ला जातो. असे दाते एके दिवशी थ्रॉटल दिल्यावर पूर्ण घसरतात. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. घाटात ही वेळ कोणावर येऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून या तपासणीवर मी इतका भर देतो आहे.

पेस्ट ब्रशने बाहेरच्या दात्यांवर आणि आतल्या खाचांत, दोन्हीकडे, पातळ लावावी. धातूचा रंग झाकला जाईल एवढी पुरे. पोकळ भागाच्या तळाशी गोळा साठवू नये. शाफ्ट आत ढकलताना कोंडलेली हवा आणि पेस्ट त्याला शेवटपर्यंत बसू देत नाहीत. क्लचच्या स्प्लाइनवर तर हात आणखी आखडता घ्यावा, कारण तिथून उडालेली पेस्ट कोरड्या क्लचच्या तबकडीवर बसली की क्लच घसरू लागतो आणि सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

परत बसवताना पुढचे टोक रंगाच्या खुणा जुळवून दाबावे. कडे खाचेत बसल्याचा स्पष्ट खटका जाणवला पाहिजे, आणि नंतर मागे ओढून ते सुटत नाही याची खात्री करावी. पहिला गिअर टाकलेला ठेवून फायनल ड्राइव्ह जॅकने वर घ्यावा आणि हब हाताने किंचित डावी-उजवीकडे फिरवावा, म्हणजे दाते आपसूक जुळतात. जोर लावून किंवा हातोड्याने ठोकून जुळवू नये. बुटाची कड सगळीकडून खाचेत बसली आहे का हे बोट फिरवून पाहावे, विशेषतः खालच्या बाजूला, जिथे नजर पोहोचत नाही. माझ्या अनुभवात पाणी शिरण्याचे सर्वांत सामान्य कारण फाटलेला बूट नसून नीट न बसलेला बूट असते.

पॅरालिव्हर, कॅलिपर आणि सेन्सरचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत आणि जिथे आटे जाम करणारे द्रव सांगितले आहे तिथे ते लावावे. चाकाचे पाच बोल्ट आळीपाळीने समोरासमोर आवळत ६० न्यूटन-मीटरवर आणावेत. ब्रेकच्या तबकडीला पेस्टचा हात लागला असेल तर ती ब्रेक क्लीनरने पुसावी. आणि गाडी स्टँडवरून उतरवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, कारण कॅलिपर काढला असल्यास पहिला दाब बहुधा पोकळ जातो.

चाकाला स्प्लाइन असलेल्या गाड्यांबद्दल थोडे

एसटी ११०० सारख्या गाडीत हेच काम अर्ध्या तासाचे आहे. अ‍ॅक्सल काढून चाक बाजूला सरकवले की हबवरचे दाते बाहेर येतात. तिथे रबरी ओ-रिंग असते; ती कडक किंवा चपटी झाली असेल तर बदलावी, कारण पेस्ट आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचे काम तीच करते. फायनल ड्राइव्हही काढला असेल तर त्याचे नट सुरुवातीला सैलच ठेवावेत, आधी अ‍ॅक्सल पूर्ण आवळावा आणि मग ते नट आवळावेत. उलट क्रमाने आवळल्यास चाक आणि ड्राइव्ह यांच्या रेषा किंचित वाकड्या राहतात, आणि वाकड्या रेषेत फिरणाऱ्या दात्यांना कितीही चांगली पेस्ट वाचवू शकत नाही.

काम झाल्यावर वहीत तारीख, किलोमीटर, दात्यांची अवस्था, टायरवर मोजलेली मोकळीक आणि वापरलेल्या पेस्टचे नाव लिहून ठेवावे. दाते स्वच्छ असताना मोबाइलने काढलेले छायाचित्र पुढच्या खेपेला तुलनेसाठी कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते. पहिल्या २०० किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि बुटाखाली काळा किंवा तेलकट ओघळ आहे का ते पाहावे. थोडी काळी पेस्ट कडेला आली असेल तर ती पुसून टाकावी. गिअर ऑइलचा पातळ ओघळ असेल तर पिनियनचे सील बदलेपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नये.